वायफायवाले भाऊ

अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही मोठ्या कॉलेजात जुलै महिन्यात चक्कर टाका. एक रांग फी भरायच्या खिडकीसमोर दिसेल आणि तिच्याहून मोठा घोळका झेरॉक्सवाल्याच्या टपरीशी. त्या घोळक्याच्या मधोमध एक गृहस्थ उभे असतात. उजव्या हातात मोबाइल, डाव्या हातात मोबाइल, आणि दोन्ही दुसऱ्याचे. हेच वायफायवाले भाऊ.

भाऊंचा हुद्दा काय, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. कुठे ते प्रयोगशाळेत परिचर असतात, कुठे कंत्राटी ऑपरेटर, तर कुठे एम.एस्सी. होऊन चार वर्षं लोटली तरी लायब्ररीतला पंख्याखालचा बाक न सोडलेले माजी विद्यार्थी. नेटवर्कचं टेंडर निघतं, उद्‌घाटन होतं, फीत कापणाऱ्या पाहुण्यांचा फोटो पेपरात येतो. पण साहेबांचा स्वतःचा मोबाइल जोडायची वेळ आली की साहेबही शिपायाला सांगतात, "भाऊले बोलाव." संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला नागपूरपासून वेगळं झालं आणि आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम असे पाच जिल्हे त्याच्या वाट्याला आहेत. भाऊंची जमात या पाचही जिल्ह्यांत नांदते, आणि तिला कुलगुरूंची मान्यता लागत नाही.

भाऊंची गरज का पडते? घरच्या वायफायला एक पासवर्ड टाकला की काम झालं. कँपसचं सुरक्षित वायफाय मात्र सरकारी अर्जासारखं एकेक रकाना उघडत जातं: ईएपी पद्धत, टप्पा दोन, सीए प्रमाणपत्र, डोमेन, ओळख, आणि वर अनामित ओळख. एकाच अर्जात ओळख द्या आणि लपवाही! इथे भलेभले पीएच.डी.वाले घाम पुसतात.

भाऊ घाम पुसत नाहीत, स्क्रीन पुसतात. मोबाइल हातात आला की आधी शर्टाच्या टोकाने काच पुसायची, मग मालकाकडे पाहून नाराजीने मान हलवायची: "किती ॲप भरून ठेवले बे!" त्यानंतर अंगठा असा चालतो की पाहणाऱ्याला काही कळू नये. भाऊ वाचत नाहीत, जागा ओळखतात. पहिल्या रकान्यात वरून पहिलं, दुसऱ्यात खालून दुसरं, तिसऱ्यात सगळ्यात शेवटचं. एकदा एका शिपाईमामांचा मोबाइल मराठीत निघाला, तर भाऊ क्षणभर थबकले. "मामा, हे कोन्त्या भाषेत करून ठेवलं?"

मग येतो पासवर्ड. भाऊ तो विचारतात, आणि लिहिता लिहिता घोळक्याला ऐकू जाईल असा उच्चारतातही. त्यामुळे आख्ख्या कँपसचं अंतरंग त्यांना ठाऊक. कोणत्या सरांच्या पासवर्डात मुलीचं नाव आहे, कोणत्या मॅडमच्या पासवर्डात अजून माहेरचं आडनाव आहे, आणि तृतीय वर्षाच्या कोणत्या पोराने कोणाचं नाव टाकून पुढे १४३ लिहिलंय. भाऊ हे कोणाला सांगत नाहीत. घोळक्याने ऐकलेलं असतंच.

खरी गोम आहे प्रमाणपत्राच्या रकान्यात. आपण पासवर्ड पाठवण्याआधी पलीकडचा सर्व्हर आपली ओळख दाखवतो, ते हे प्रमाणपत्र. ते तपासायचंच नाही म्हटलं, तर त्याच नावाचं खोटं वायफाय टाकून कोणीही टपरीवर बसावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोबाइलची गुप्त देवघेव टिपून घ्यावी. त्या देवघेवीतली एमएस-चॅप ही पद्धत फोडता येते, हे मॉक्सी मार्लिनस्पाइक या संगणक-सुरक्षा संशोधकाने २०१२ सालीच अमेरिकेतल्या डेफकॉन परिषदेत दाखवून दिलं होतं. भाऊंना मात्र कोणी प्रमाणपत्राचं विचारलं तर त्यांचं उत्तर तयार: "कायले पाह्यजे सर्टिफिकेट? मायाजवळ सात हायेत, एकावर तरी नौकरी लागली का?" असं म्हणून 'तपासू नका' या पर्यायावर अंगठा पडतो आणि पोरगं खूश होऊन रील पाहायला लागतं. एवढ्या खर्चाने बसवलेली सुरक्षा कँपसमधला सगळ्यात मदतशील माणूस चहाच्या एका कटावर काढून ठेवतो, हे माझं मत. घोळक्याला ते मान्य नाही.

डिसेंबर २०२० मध्ये गूगलने पिक्सेल फोनमधून हा 'तपासू नका'च काढून टाकला. हळूहळू इतर कंपन्यांचे नवे फोनही तसेच यायला लागले. भाऊंचा अंगठा सवयीने शेवटच्या ओळीवर जायचा, आणि तिथे ती ओळच नसायची! तो काळ त्यांना जड गेला. "कंपनीवाल्यायनं डोकं लावलं," म्हणून त्यांनी नवे फोन परत करायचा सपाटा लावला. पुढे अँड्रॉइड १३ मध्ये, पहिल्यांदा दिसलेल्या सर्व्हरवर विश्वास ठेवून नंतर दर वेळी तोच आहे ना एवढं पाहायची सोय आली. कांदेपोहे एकदाच, मग बदल नाही. तेव्हा कुठे भाऊंच्या जिवात जीव आला.

'नाही' हा शब्द भाऊंच्या शब्दकोशात नाही. मुंबईच्या आयआयटीतून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "इथे एड्युरोम आहे का?" म्हणजे एका सदस्य संस्थेच्या खात्यावर दुसऱ्या सदस्य संस्थेत आपोआप वायफाय मिळायची जगभरची सोय. भारतात ती अर्नेट ही संस्था चालवते. भाऊंनी हे नाव जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. म्हणाले, "होतं सर. सद्या बंद हाय."

अकोल्याचे भाऊ याच गोत्रातले, पण त्यांना ऊन जास्त. तिथे १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, शिवारच्या शिवार पसरलेलं. भिंतीवरच्या डबीतलं वायफाय पऱ्हाटीच्या तासापर्यंत पोचत नाही, हा निसर्गनियम. मे महिन्यात कुठेही रेंज गेली की अकोल्याचे भाऊ वर बोट दाखवतात: "राउटरले ऊन लागलं." लोक हसतात. पण यंत्रालाही उष्णता बाधते, तेव्हा भाऊ अगदीच चुकीचे नसतात.

आणि कधी कधी तर ते साफ बरोबर असतात. एका मावशींचा जुना मोबाइल काही केल्या जोडेना. दोन इंजिनिअर पोरं हरली. भाऊंनी वायफायच्या सेटिंगला हातच लावला नाही. वरच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली, मग तारीख. बॅटरी पार उतरल्याने मोबाइल काही वर्षं मागे गेला होता, आणि त्या तारखेला सर्व्हरचं प्रमाणपत्र जन्मालाच आलं नव्हतं, मग ते खरं ठरणार कसं? भाऊंनी तारीख आजची केली. लागलं! "मावशे, तुया मोबाइल झोपला होता," एवढंच बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तेव्हा भाऊंकडे जरूर जा. फक्त जाताना सर्व्हरचं डोमेन संगणक विभागातून कागदावर लिहून घ्या, प्रमाणपत्राच्या रकान्यात काय निवडायचं तेही तिथेच विचारा, आणि पासवर्ड स्वतःच्या बोटाने टाका. भाऊ रुसतील. चहा पाजा.