मेला भांडतच नाही!

रत्नागिरीत इतिहास शिकवणारे आमच्या ओळखीतले एक सर आहेत. त्यांना सरळ बोलणं जमत नाही. ‘पाऊस थांबला वाटतं’ म्हटलं, तर ‘तुम्हाला विचारून थांबला का?’ 2022च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, तेव्हा ‘मुलं आता अक्कलही उसनी आणणार’ म्हणत त्यांनी स्टाफरूम डोक्यावर घेतली होती. पुढे कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या अहवालाचं इंग्रजी गळ्यात पडलं आणि सर मुकाट्याने त्याच पंथाला लागले.

आता प्रश्नपेढी, चाचणीचे चुकीचे पर्याय, प्राचार्यांना द्यायचा खुलासा, सगळं मोबाइलवर. परवाचा खुलासा इतका नम्र उतरला, की प्राचार्यांनी बोलावून तब्येतीची चौकशी केली.

सरांचं दुःख निराळंच आहे. एकदा त्यांनी मुद्दामच टाकलं, ‘इथला थिबा राजवाडा ब्रह्मदेशच्या हद्दपार राजा थिबाने स्वतःच्या पैशाने बांधला.’ यंत्र अदबीने म्हणालं, नाही, इंग्रज सरकारने बांधला, 1910 साली पूर्ण झाला. सरांनी बाह्या सरसावल्या. ‘मी इथला. तू मला शिकवणार?’ त्यावर लगेच उत्तर : क्षमस्व, आपलं म्हणणं योग्य आहे.

“मेला भांडतच नाही!” सर हळहळले. “खरं बोलतो नि वर माफी मागतो. टिळकांच्या जन्मगावात याचा निभाव लागायचा कसा?”

भांडायला माणूस मिळाला तो वर्गातच. लांज्याहून एसटीने येणारी एक मुलगी. दोन वर्षांत ‘प्रेझेंट सर’पलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती रात्री चॅटबॉटला आपली तोंडी परीक्षा घ्यायला लावते. चुकलं तरी फिदीफिदी हसायला तिथे कुणी नसतं. एका सकाळी तिने हात वर केला.

“सर, थिबाला इथे आणलं 1886 साली, राजवाडा झाला 1910 साली. मधली 24 वर्षं तो राहिला कुठे?”

सरांच्या पिवळ्या पडलेल्या नोट्समध्ये तेवढं पान नव्हतं. ‘पुढच्या तासाला सांगतो’ म्हणाले. रात्री यंत्राला विचारलं. ते म्हणालं, बंगल्यांत. माफी मागणाऱ्यावर भरवसा कसला, म्हणून सर दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बसले. बंगल्यांतच निघाला.

पुढच्या तासाला सरांनी फळ्यावर यंत्राचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं आणि खडू त्या मुलीपुढे धरला.

“यात खोट काढ. नाही सापडली तर माझ्या नोट्समध्ये काढ. पण माफी मागायची नाही!”