गिटारीची हद्द-कायम मोजणी

ज्या वस्तूच्या गुणदोषांविषयी घरातील एकाही माणसास काडीमात्र ज्ञान नाही, अशी वस्तू खरेदी करण्याचा प्रसंग आला म्हणजे आपले मराठी मध्यमवर्गीय कुटुंब ज्या गांभीर्याने आणि ज्या संख्याबळाने बाजारात उतरते, त्या गांभीर्याने ते लग्नासाठी स्थळ पाहावयासही जात नसेल. सोने घ्यावयाचे तर सराफ ओळखीचा असतो, तांदूळ घ्यावयाचा तर दाणा दाताखाली धरून पाहता येतो. परंतु गिटार नावाचे वाद्य, आणि तेही 'स्वस्त पण चांगले' या आपल्या सनातन अटीवर, कसे पारखावे याविषयी आमच्या घराण्यात कोणताही पूर्वापार शिरस्ता नव्हता. दहावीची परीक्षा संपताक्षणी माझ्या नातीने गिटार शिकण्याचा मनोदय जाहीर केला, 'दहा हजारांच्या वर एक पै मिळणार नाही' असा हुकूम तिच्या आजीने फर्मावला, आणि चौकशी-समिती आपोआप अस्तित्वात आली. भूमी अभिलेख खात्यात मोजणी करण्यात उभी हयात घालवलेला मी. बदलापूरचे माझे मेहुणे, जे भजनी मंडळात तंबोरा धरतात आणि त्यामुळे नात्यातील संगीतविषयक सर्व तंट्यांत अखेरचे अपील ज्यांच्याकडे चालते. आणि आमच्या स्वयंपाकघराचे फर्निचर ज्यांनी केले ते मिस्त्री, असे तीन सभासद ठरले. जिला गिटार वाजवावयाची होती त्या नातीस प्रथेप्रमाणे मताधिकार नव्हता.

आम्ही राहतो ते आनंदनगर अंबरनाथच्या पूर्वेस, बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आहे. शके ९८२ मध्ये शिलाहारांच्या काळी उभ्या राहिलेल्या शिवमंदिराचा शेजार लाभलेल्या या गावात आता औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे भोंगे काकड आरतीच्या वेळी वाजतात. येथे औषधे होतात, रसायने होतात, यंत्रांचे सुटे भाग होतात, पण मनाजोगती गिटार हवी असेल तर निदान एक स्टेशन मागे, उल्हासनगरास, जावे लागते. एरवी असल्या खरेदीसाठी माणसे थेट मुंबईस धोबी तलावाला जातात, जेथे १८६५ सालापासून चालत आलेली वाद्यांची पेढी आहे. परंतु मिस्त्रींचे म्हणणे असे पडले की, ज्या गावात फर्निचरचा एवढा मोठा बाजार आहे त्या गावात लाकडाच्या बाबतीत आपणांस कोणी फसवू शकणार नाही, कारण फसवण्याच्या सर्व पद्धती आपणांस अगोदरच ठाऊक आहेत. हा युक्तिवाद मला निरुत्तर करणारा वाटला. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि पुढे येथील कारागिरांनी जगातील बहुतेक सर्व वस्तू स्वतःच बनवून त्यांवर 'मेड इन यू.एस.ए.' असे छापले, त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा होतो, हा विनोद आता इतका जुना झाला आहे की तो तेथील दुकानदारच गिऱ्हाइकांस प्रथम सांगून टाकतात.

आमच्या दुकानदारानेही तो सांगितला. त्याच्या दुकानात ढोलक्या, पेट्या आणि लग्नाच्या बँडचे बिगुल यांच्यामागे भिंतभर गिटारी टांगलेल्या होत्या. तीन हजारांपासून दहा हजारांपर्यंत चढत्या भाजणीने त्यांची किंमत वाढत होती आणि किमतीच्या प्रमाणात त्यांवरील चकाकी कमी होत होती, ही गोष्ट मला विचारणीय वाटली. सर्वांत स्वस्त गिटारीवर सूर्यास्ताच्या वेळचे आकाश रंगवलेले होते. सर्वांत महाग गिटार साध्या पाटासारखी फिकट दिसत होती. "साहेब, ही घ्या, एकदम इम्पोर्टेड लाकूड, रोझवूड," असे म्हणून त्याने सूर्यास्त आमच्या हाती दिला. मिस्त्रींनी मोबाइलची बॅटरी लावली, तबलीच्या मधल्या भोकाच्या कडेवरून नखाने हलकेच वार्निश खरवडले आणि तोंडातील सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत निकाल दिला : "प्लाय आहे. तीन थरांची. वर कागद मारलाय."

स्वस्त गिटारीच्या परीक्षेतील हे पहिले कलम आहे आणि ते शिकण्यास संगीताचा गंधही लागत नाही. तबली जर एकसंध फळीची असेल तर वरच्या पृष्ठभागावरील लाकडाच्या रेघा भोकाच्या कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसतात. प्लायची असेल तर रेघा कडेशी येऊन थबकतात आणि खाली आडव्या थरांचा छेद दिसू लागतो. परंतु एवढ्यावरून सूर्यास्ताचा अर्ज फेटाळावा, असे मी सुचवताच मिस्त्रींनी आपल्या व्यवसायाच्या अब्रूखातर प्लायची बाजू घेतली. आपल्या भागात जून ते सप्टेंबर हवेत जे पाणी असते त्यात एकसंध पातळ फळी फुगते, हिवाळ्यात आकसते आणि एखाद्या सकाळी तडकते. प्लायचे थर एकमेकांस आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते एकमेकांस हलू देत नाहीत. आवाज थोडा कोंदट निघेल, पण वस्तू टिकेल. "फक्त प्लाय आहे म्हणून सांगा आणि प्लायचा भाव लावा," असे ते दुकानदारास म्हणाले. आणि मला वाटते, दहा हजारांच्या आतील गिटारींविषयीचा संपूर्ण न्याय या एका वाक्यात आला आहे. लबाडी प्लायमध्ये नसते, तिच्यावर मारलेल्या कागदात असते.

रोझवूडचा उल्लेख मात्र मला सुटला नाही. हे रोझवूड म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला शिसव. आमच्या आजोळी त्याचा देव्हारा होता, त्याच्या पाटावर बसून आम्ही वरणभात जेवलो आणि त्याच्या पलंगावर आमच्या पणजीने देह ठेवला. ब्राझीलने आपल्या लाकडाचे ओंडके बाहेर धाडणे बंद केल्यावर अमेरिकेतील मार्टिन या जुन्या पेढीने १९६९ मध्ये गिटारीच्या पाठीसाठी आपला शिसव पत्करला, आणि तेव्हापासून त्या लाकडास जे माहात्म्य प्राप्त झाले ते आमच्या पणजीस कळते तर तिने पलंगाचे भाडे लावले असते. पण हे माहात्म्य कितपत खरे, याची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी प्रयोगात झाली आहे : पाठीचे आणि बाजूचे लाकूड तेवढे निराळे, बाकी सर्व सारखे, अशा ६ गिटारी बनवून घेतल्या, ५२ वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवले, खोलीत अंधार केला आणि त्यांना त्या वाजवावयास दिल्या. वादकांना त्या जवळजवळ सारख्याच वाटल्या. त्याच्याही फार पूर्वी, १८६२ मध्ये, स्पेनमधील तोरेस या थोर कारागिराने तबली तेवढी उत्तम लाकडाची ठेवून बाकीची गिटार चक्क पुठ्ठ्याची बनवली होती, ती हाच मुद्दा सिद्ध करण्यासाठी. मी हा सर्व इतिहास दुकानातच कथन केला. दुकानदाराने तो आदराने ऐकला, 'रोझवूड' हा शब्द मागे घेतला आणि किंमत तीच ठेवली.

यानंतर माझ्या खात्याचे काम सुरू झाले. आमच्या उमेदवारीच्या काळी तेहतीस फुटांची साखळी असे, तिचे सोळा आणे पडत, आणि साखळीचा साखळीशी चौरस म्हणजे एक गुंठा. बांध एक हात सरकला म्हणून दोन भाऊ तीन पिढ्या कोर्टात झुंजलेले मी पाहिले आहेत. गिटारीच्या दांडीवरील पडद्यांचे प्रकरण याहून नाजूक असते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, चुकले तर सरकवून घेता येतात. गिटारीचे पडदे लाकडात ठोकून बसवलेले असतात आणि जन्मास येताना जेथे पडले तेथे ते आमरण राहतात. प्रत्येक पडदा उरलेल्या तारेचा १७.८१७ वा भाग कापतो, असे त्यांचे गणित आहे. गॅलिलिओच्या वडिलांनी, जे स्वतः वीणेच्या जातीचे वाद्य वाजवीत, १५८१ मध्ये याच कामी सोपा अठरावा भाग सुचवला होता; त्या हिशेबाने बारावा पडदा ठोकला तर आजच्या सर्वसाधारण लांबीच्या तारेवर तो बरोबर मध्यापासून सव्वादोन मिलिमीटर अलीकडे पडतो. मुलगा आकाशाची मोजणी करण्यात गुंतला, तो बहुधा याच कारणाने.

तेव्हा टेप काढली. यामाहाची एफ ३१० ही नवशिक्यांची सर्वपरिचित गिटार ६३४ मिलिमीटर लांबीची असते, म्हणजे तिचा बारावा पडदा नटापासून, म्हणजे दांडीच्या टोकाच्या पट्टीपासून, ३१७ वर हवा. इतर गिटारींचा हिशेबही कागदावर मांडून मी एकेक पडदा टिपणात घेऊ लागलो. दुकानदाराने प्रथम पाणी आणवले, मग चहा आणवला, मग स्टूल आणवले. ज्यांना टेपचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी नातीने एक सुटसुटीत रीत दाखवली : बाराव्या पडद्यावर तारेस बोट नुसते टेकवून छेडायचे, जो घंटेसारखा स्वर निघतो तो लक्षात ठेवायचा, मग तेथेच तार दाबून छेडायची, दोन्ही स्वर एक आले तर पडदे आणि घोडी आपापल्या हद्दीत आहेत, दाबलेला स्वर चढा आला तर कोठेतरी अतिक्रमण आहे. सूर्यास्ताचा स्वर एवढा चढला की बिगुलांपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानेही मागे वळून पाहिले.

याच ठिकाणी मिस्त्रींनी खिशातून गुण्या काढून घोडीवरील पांढऱ्या पट्टीला लावला आणि ती तिरकी बसल्याचे जाहीर केले. रंधा हाताशी असता तर त्यांनी ती तेथल्या तेथे सरळ करून दिली असती. प्रत्यक्षात ती पट्टी मुद्दाम तिरकी बसवतात : जाड तार दाबली की अधिक चढते, म्हणून तिला थोडी अधिक लांबी द्यावी लागते. हे समजावल्यावर मिस्त्री बराच वेळ गप्प होते. सदोष वस्तू मुद्दाम बनवून तिचे पैसे घेता येतात, या शक्यतेचा ते आपल्या धंद्याच्या दृष्टीने विचार करीत असावेत.

मेहुण्यांनी आतापर्यंत डोळे मिटून ऐकण्याचे काम केले होते. दुकानदाराने चार हजारांची एक गिटार छेडली, तिच्या तिसऱ्या-चौथ्या पडद्यापाशी तार पुढच्या पडद्यांना घासून झिणझिण वाजू लागली, आणि मेहुण्यांनी डोळे उघडून मान डोलावली : "वा! जवारी काय सुरेख लावली आहे!" यात त्यांचा इलाज नव्हता. मिरजेस, ज्या गावच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून-पुसून नेमका हाच झणत्कार उत्पन्न करण्यात दिवस खर्च करतात. वाजवणारा तारेखाली सुताचा धागा सरकवून तो फुलवतो. जो गुण तंबोऱ्याच्या ठायी साधनेने आणावा लागतो, तो स्वस्त गिटारीत पडदे उंचसखल राहिल्यामुळे फुकट येतो आणि तेथे त्यास दोष म्हणतात. "साईं, कान असावा तर असा!" असे दुकानदार उद्गारला आणि ती गिटार कागदात गुंडाळू लागला. मेहुण्यांच्या निर्णयावर अपील नाही हा घराण्याचा संकेत मोडून नातीने येथे प्रथमच हरकत नोंदवली : "मामाआजोबा, ही झिणझिणते आहे हो. सगळ्या पडद्यांवर." तिच्या आवाजात असा काही अधिकार होता की मेहुणे लगेच पेटीचे भाते तपासू लागले.

एकंदर तपशिलावरून माझे मत असे झाले की, स्वस्त गिटारीचे दोष दोन खात्यांत विभागून लिहावेत. तारा फार उंच असणे, खुंट्या ढिल्या असणे, मूळच्या तारा गंजक्या असणे, यांवर पाचशे-हजार रुपयांत इलाज होतो. बाराव्या पडद्यापाशी जाड तार दांडीपासून अडीच-तीन मिलिमीटरांवर असावी, चार-पाच असेल तर मुलाची बोटे महिन्याभरात राजीनामा देतात, पण तेथे घोडीची पट्टी खालून घासली की काम भागते. सहा पोलादी तारा मिळून सत्तर किलोंच्या आसपास ताण देत असतात, म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या दांडीला लोंबकळत असतो. त्या ओढीने दांडी किंचित पुढे झुकली तर आतील लोखंडी सळई ॲलन कीने पिळून ती सावरता येते, मात्र सळई खरोखर आत असली पाहिजे. पडदे चुकीच्या जागी, दांडीस पीळ, घोडीमागे तबलीस फुगवटा, हे दुसऱ्या खात्यातील दोष. त्यांवर खर्च करणे म्हणजे वादातील जमिनीवर बंगला बांधणे. दुकानदार मात्र गिऱ्हाइकाचे लक्ष तिसऱ्याच खात्याकडे वेधतो : पिशवी, पट्टा, पाच पिक आणि 'तीस दिवसांत गिटार' ही पुस्तिका मोफत. आम्ही हे सर्व नाकारून त्याऐवजी चांगल्या तारांचा एक संच मागितला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच खराखुरा मनःस्ताप उमटला.

अखेरीस साडेसात हजारांना एक फिकट, अनाकर्षक, पडद्यांच्या बाबतीत निर्विवाद अशी प्लायची गिटार घरी आली, आणि तिच्या वास्तव्याचा प्रश्न उपस्थित झाला. पश्चिमेच्या भिंतीस पावसाळ्यात ओल येते, माळ्यावर उकडते, आणि गोदरेजच्या कपाटात आमच्या सौ.च्या पैठण्या पूर्वापार कब्जेदार आहेत. शेवटी गिटारीस देवघराशेजारचा कोपरा, 'संध्याकाळी दिवा लागल्यावर वाजवायची नाही' या शर्तीवर, तात्पुरत्या मुदतीने मिळाला. मिस्त्रींनी घोडीची पट्टी पॉलिश पेपरवर घासून तारा अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली आणल्या आणि मजुरी घेण्याचे नाकारले. हा धंदा त्यांना आवडू लागला होता.

तो आता आम्हां दोघांनाही चिकटला आहे. वार्ता पसरून रविवारी सकाळी आमच्याकडे परिसरातील गिटारी मोजणीस येऊ लागल्या आहेत. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आपल्या चिरंजीवांची गिटार घेऊन आले. ती होती नायलॉनच्या तारांची नाजूक गिटार, आणि आवाज मोठा यावा म्हणून चिरंजीवांनी तिला पोलादी तारा चढवल्या होत्या. घोडी मागच्या बाजूने उचलली जाऊन तबलीपासून नखभर सुटली होती. मी टिपण लिहावयास घेतले, मेहुण्यांनी ऐकून 'वा' म्हटले, आणि किती खर्च येईल असे त्या गृहस्थांनी काकुळतीने विचारताच मिस्त्रींनी पोलादी तारा काढून केराच्या टोपलीत टाकल्या, जुने वार्निश खरवडण्यास पटाशी घेतली आणि चहाच्या आधी फेविकॉल व एक लहान शिकंजा मागवला.