चाळीस डोक्यांमागचा पद्मपाणी

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला तिथल्या भिंतीवरचा बोधिसत्त्व पद्मपाणी दिसलाच नाही. दिसली ती पुढच्यांची डोकी. बसमध्ये आम्ही चाळीस माणसं. गाइड सगळ्यांच्या पुढे, आणि त्याचं बोलणं दुसऱ्या रांगेच्या मागे पोचत नव्हतं. सात मिनिटांत आम्ही बाहेर. दीड तासात लेणी ‘झाली’. त्याच संध्याकाळी पैठणीच्या एका दुकानात मात्र आम्हाला सव्वा तास बसवलं. तिथे चहा मिळाला, पदर उलगडून दाखवले गेले, पदरावरचा मोर कसा विणतात तेही नीट समजावलं गेलं. लेण्यातलं एक चित्र तितक्या आस्थेने कोणी समजावलं असतं, तर सहलीचे पैसे वसूल झाले असते.

दुसऱ्या वेळी आम्ही दहा जण होतो. त्याच पहिल्या लेण्यात पाऊल टाकताच गाइड म्हणाला, “आता तीन-चार मिनिटं काही बघू नका. नुसते उभे राहा.” उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो, पुरता सराव व्हायला वीस-तीस मिनिटंही लागतात. आम्ही उभे राहिलो. हळूहळू भिंतीवरून रंग वर आले. आधी मुकुट, मग खाली झुकलेली नजर, मग हातातलं निळं कमळ. गाइडने तोपर्यंत एक शब्द उच्चारला नव्हता. चांगली सहल कशी असते, हे मला त्या चार मिनिटांत कळलं.

म्हणून आज स्पष्ट लिहितो. छोट्या गटाची सहल नुसत्या छोट्या गाडीने होत नाही. हल्ली बारा जणांची गाडी काढतात, ‘स्मॉल ग्रुप’ म्हणून जास्त पैसे घेतात, आणि कार्यक्रम मात्र चाळीस जणांचाच ठेवतात. सकाळी वेरूळ, वाटेत दौलताबाद, मग मकबरा, पाणचक्की, आणि दुसऱ्या दिवशी अजिंठा उरकून रात्रीची परतीची गाडी. ही फसवणूक आहे. माणसं कमी केलीत, तर ठिकाणंही कमी करा. वाचलेला वेळ प्रवाशाचा आहे, तो त्याला द्या.

हा वेळ वाचतो कुठे, त्याचा साधा हिशोब मांडतो. वाटेतल्या ढाब्यावर दोन स्वच्छतागृहं आहेत आणि माणशी तीन मिनिटं लागतात असं धरा. चाळीस माणसांना एक तास लागतो, दहा माणसांना पंधरा मिनिटं. एका थांब्यावर पाऊण तास वाचला. दिवसात असे तीन थांबे धरले, तर सव्वादोन तास होतात. चाळीस जणांचा गट पाहण्याच्या ठिकाणी उशिरा पोचतो आणि लवकर निघतो, त्याचं कारण या रांगेत आहे.

अजिंठ्याला तर मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवावा लागतो. छत्रपती संभाजीनगरपासून ते जवळपास शंभर किलोमीटर. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर आपली गाडी सोडायची, तिथून चार किलोमीटर बसने जायचं, मग पायऱ्या चढायच्या. त्यानंतर वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर ओळीने तीस लेणी. छापील कार्यक्रमात ‘अजिंठा : २ तास’ असं दिसलं, तर त्यात बसची रांग आणि पायऱ्या धरल्यात का, हे आधी विचारा. धरल्या असतील, तर लेण्यांसाठी तासभरही उरत नाही. आणि वारही तपासा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. ज्याच्या कार्यक्रमात सोमवारी अजिंठा आहे, त्याच्याकडे एक रुपयाही भरू नका.

आता गाइडबद्दल. लेण्यांचे क्रमांक वाटेच्या क्रमाने दिलेले आहेत, काळाच्या क्रमाने नाहीत. प्रवेशापाशी असलेलं पहिलं लेणं पाचव्या शतकातलं, आणि सगळ्यांत जुन्यांपैकी असलेलं दहावं इसवी सनापूर्वीचं. दोघांमध्ये किमान पाचशे वर्षांचं अंतर. एक, दोन, तीन असं मोजत नेणारा गाइड तुम्हाला नुसती वाट दाखवतो. आमच्या गाइडने आम्हाला सरळ दहाव्यात नेलं. तिथला स्तूप दाखवला, बुद्धाची मूर्ती न घडवता स्तूपापुढे माथा टेकणारा काळ समजावला, आणि मगच वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या सोळाव्या, सतराव्या आणि पहिल्या लेण्यांकडे वळवलं. मूर्ती नसलेल्या लेण्यातून मूर्तींनी भरलेल्या लेण्यात आलो, तेव्हा मधली शतकं पायाखालून गेल्यासारखी वाटली.

त्याच दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८१९ च्या एप्रिलमध्ये एका खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरं आज आपल्या डोक्याच्याही वर आहेत. गाइडने विचारलं, “इतक्या उंचावर त्याचा हात कसा पोचला?” आम्ही तर्क लढवले. शेवटी एका शाळकरी मुलीने सांगितलं, की तेव्हा जमीनच वर असणार. बरोबर होतं. लेणं दगडमातीने भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता. हे उत्तर गाइडला पहिल्या वाक्यात देता आलं असतं. पण त्याने मुलीला ते शोधू दिलं. चाळीस जणांत त्या मुलीला कोणी विचारलं नसतं, आणि विचारलं असतं तरी तिचं उत्तर ऐकू आलं नसतं.

सव्विसाव्या लेण्यातही तेच. तिथे महापरिनिर्वाणाचं भव्य शिल्प आहे, आडवा झालेला बुद्ध सुमारे सात मीटर लांब. सगळे लांबीच मोजत होते. आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “खाली बसलेले रडताहेत आणि वरचे आनंदात आहेत.” शिल्पाचं मर्म तेच आहे. खाली शोक करणारे अनुयायी, वर स्वागताला आलेले देव. गाइड म्हणाला, “ताई, आता पुढचं तुम्हीच सांगा.” दहा माणसांत गाइडही ऐकणारा होऊ शकतो. माझ्या लेखी छोट्या गटाचा सगळ्यांत मोठा लाभ हा आहे.

चांगल्या गाइडची आणखी एक खूण सांगतो. तो ‘मला ठाऊक नाही’ म्हणतो. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्यातून एक भुयार निघतं आणि ते कुठल्यातरी दूरच्या शहरात उघडतं. वेरूळच्या कैलासाबद्दल तर परग्रहावरचे लोक येऊन तो कोरून गेले, असंही सांगितलं जातं. कैलास आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात घडला, तो माणसांनी घडवला, कळसापासून खाली खोदत आणला. ती माणसं याच पृथ्वीवरची होती. त्यांचे कष्ट परग्रहवासीयांच्या नावे लिहिणारा गाइड त्या पाथरवटांचा अपमान करतो. असं काही ऐकलंत, तर शांतपणे पण सगळ्यांसमोर विचारा, “याला पुरावा काय?”

उलट, अर्धवट राहिलेल्या लेण्यापाशी थांबणारा गाइड ओळखा आणि त्याचा नंबर जपून ठेवा. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अपुरं आहे, म्हणून बहुतेक गट ते ओलांडून पुढे जातात. पण छिन्नी कुठून फिरायची, छत आधी आणि जमीन शेवटी कशी यायची, हे कळतं ते अशाच अपुऱ्या कामात.

आता पैशांचं. गाइडची दिवसाची बिदागी दहा जणांत वाटली, की माणशी जास्त पडणारच. ती द्या. गाइडला तुमच्याकडून पुरेसं मिळालं नाही, तर तो दुकानाच्या कमिशनवर जगतो, आणि मग तुमचा वेळ दुकानाच्या मालकीचा होतो. माझा सव्वा तास पैठणीच्या दुकानात गेला तो असाच. पैठणी घ्यायची असेल तर जरूर घ्या. ती विणकराच्या घामाची आहे. पण दुकानात जायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

वयस्करांचाही विचार हवा. गुडघे दुखणाऱ्या आजींना पायऱ्यांखाली बाकावर बसवून ‘आम्ही येतोच’ म्हणणारी सहल मी पाहिली आहे. अजिंठ्याला डोलीवाले असतात. त्यांची सोय आधीपासून करून ठेवणं, सगळ्यांनी आजींच्या चालीने चालणं, हे दहा जणांना जमतं. जमत नसेल, तर त्या गटाला छोटा म्हणण्यात काही अर्थ नाही.

आणि प्रवाशांनो, थोडं आपल्याबद्दलही. फ्लॅश मारू नका, भिंतीला हात लावू नका, लेण्यात फोन घेऊ नका. पंधराशे वर्षांपूर्वीचा मातीचा गिलावा तुमच्या सेल्फीसाठी पुन्हा लिंपता येणार नाही.

पुढच्या सहलीचे पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. गटात नेमकी किती माणसं? ठिकाणावर प्रत्यक्ष किती तास? गाइडचे पैसे कोण देतं? दुकानाचा थांबा सक्तीचा आहे का? चारही उत्तरं लेखी मागा. जो लेखी देणार नाही, त्याच्यासोबत जाऊ नका. आणि जो देईल, त्याच्यासोबत गेल्यावर पहिल्या लेण्याच्या दारात चार मिनिटं नुसते उभे राहा.