रिव्हर टच महिला विद्यापीठ

कर्जत तालुक्यात जमीन रिकामी राहत नाही, तिला फक्त अवतार बदलावे लागतात. ज्या गावाच्या नावावर ‘कर्जत ३’, ‘कर्जत ७’ अशा भाताच्या जाती निघाल्या, तिथे आता भातापेक्षा फार्महाऊस चांगलं येतं. खत लागत नाही, एनए लागतं.

आमच्या ओळखीचे एक शेठ आहेत. नाव सांगत नाही, कारण अजून कागद व्हायचे आहेत. पेज नदीच्या काठाला त्यांची आठ एकर जागा. भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर पेज बारमाही वाहते, त्यामुळे ‘रिव्हर टच’ हा जाहिरातीतला शब्द इथे मे महिन्यातही खोटा ठरत नाही. शेठनी आधी बंगलो प्लॉट पाडले. थोडे गेले, बरेच राहिले. मग लग्नाचा लॉन काढला, तर डीजेवरून गावाशी वाजलं. मग रिसॉर्ट काढावा म्हणाले, तर डावीकडे रिसॉर्ट, उजवीकडे रिसॉर्ट आणि समोर ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी. आता शेठनी ठरवलंय, महिला विद्यापीठ काढायचं.

“छोटंसंच,” ते म्हणाले. “खासगी. टुमदार. आणि मास्तर, मुली असल्या की सोमवारी सकाळी बाटल्या उचलायला माणूस लावावा लागत नाही.”

मास्तर म्हणजे मी. माझ्याकडे काम आलं ते माहितीपुस्तकातलं ‘व्हिजन’ लिहून देण्याचं. मिशन त्यांचा भाचा लिहिणार होता.

विद्यापीठ ही आता तालुक्यात काही नवलाई राहिलेली नाही. विजयभूमी आहे, युनिव्हर्सल एआय विद्यापीठ आहे. पूर्वी लोक कर्जतला दिवाडकरांचा वडा खायला उतरायचे, मागे घाटासाठी जादा इंजिन जोडून होईपर्यंत खाऊन व्हायचा. आता बॅगा घेऊन ॲडमिशनला उतरतात. शेठच्या हिशेबात मुलींची तेवढी जागा मोकळी होती. ‘मार्केटमधली गॅप’ असं ते तिला म्हणतात.

व्हिजन लिहायचं तर आधी कुणाला तरी ते होतं का, हे पाहायला हवं. म्हणून मी शेठना धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगायला बसलो. महाराष्ट्रातलं पहिलं छोटं खासगी महिला विद्यापीठ त्यांनीच काढलं, १९१६ साली, पुण्याजवळच्या हिंगण्यात. आज मुंबईत ज्याला आपण एसएनडीटी म्हणतो, ते हेच. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेले. टोकियोत १९०१ साली निघालेल्या जपानी महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि त्यांनी १९१५च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून ही कल्पना मांडली. पुढच्या जूनमध्ये विद्यापीठ सुरूही झालं.

“जपान?” शेठनी वही काढली. “मग आपणही ‘जपानी कोलॅबरेशन’ टाकू.”

“कोलॅबरेशन नव्हतं. पुस्तिका होती.”

“पुस्तिका म्हणजे एमओयूच की हो. पहिल्या वर्षी इनटेक किती?”

“पाच.”

“पाचशे?”

“पाच. एक, दोन, तीन, चार, पाच.”

शेठच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा कणव दिसली. मग त्यांना वाटलं, कुलपती-कुलगुरू तरी कोणी बिल्डरबिल्डर असतील. म्हटलं, पहिले कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, संस्कृतचे जगन्मान्य पंडित. पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे, केंब्रिजच्या गणितात पहिले आलेले. शेठ म्हणाले, “म्हणजे फॅकल्टी तगडी होती, पण कॅम्पस नव्हता.” इतकं नेमकं मूल्यमापन मी शिक्षणतज्ज्ञांकडूनही ऐकलेलं नाही. आपल्याकडे हल्ली नेमकं याच्या उलट असतं, आणि त्याला मानांकन मिळतं.

मान्यतेची गोष्ट सांगितल्यावर मात्र ते खरेच हादरले. कर्व्यांच्या विद्यापीठाला सरकारी कायद्याची मान्यता मिळाली ती १९४९ साली, स्वातंत्र्यानंतर. तेहेतीस वर्षं या बायका मातृभाषेतून शिकल्या, परीक्षा दिल्या, पदव्या घेतल्या. आणि पदवी तरी कसली, ‘गृहीतागमा’! बी.ए. नव्हे. सरकारदरबारी तिला किंमत नाही, नोकरीच्या अर्जात लिहिली तर कारकून विचारणार, हे आडनाव का? तरी मुली येत होत्या.

“फी जास्त असेल,” शेठ म्हणाले. “ज्याला किंमत नाही त्याची फी जास्त लावावी लागते. मार्केटिंग कोण बघायचं?”

“कर्वेच. सत्तरी उलटल्यावर बोटीने युरोप-अमेरिका फिरले, विद्यापीठासाठी भाषणं देत, वर्गणी गोळा करत.”

“एनआरआय कोटा,” शेठनी वहीत लिहिलं.

त्याच्या आधीच, १९२० साली, विठ्ठलदास ठाकरसी पंधरा लाख रुपये द्यायला तयार झाले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. हे ऐकून शेठ खुर्चीत मागे रेलले. “पंधरा लाखांत अख्ख्या विद्यापीठाला आईचं नाव? आज तेवढ्यात आमचा आर्किटेक्ट गेटची कमान देत नाही.” त्यांच्याही मनात आईचंच नाव होतं. पण भाच्याचं म्हणणं पडलं की आईच्या नावात ग्लोबल अपील नाही. सध्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे, ‘वुमेन्स’ आहे, ‘लिबरल’ आहे. आईचं नाव कँटीनला दिलंय.

अभ्यासक्रमाकडे वळलो. कर्व्यांनी मुलींसाठी घरसंसाराला उपयोगी पडतील असे विषय ठेवले, आरोग्य ठेवलं, गणिताची सक्ती ठेवली नाही. त्यावर त्या काळातच टीका झाली, की बायकांसाठी हा वेगळा आणि हलका अभ्यासक्रम कशाला? टीका अगदीच चुकीची होती असं मला वाटत नाही. स्वतः गणिताचे प्रोफेसर असून त्यांनी मुलींना गणितातून सोडवलं, हे मला आजही नीट पचत नाही. पण शेठना ही अडचणच वाटली नाही. त्यांच्या माहितीपुस्तकात ‘वेलनेस’ आहे, ‘मिलेट कुकिंग’ आहे, ‘होम स्टायलिंग’ आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्याला गृहिणीधर्म म्हणून नाक मुरडलं, त्यालाच आता दोन क्रेडिट आहेत आणि वर सर्टिफिकेट.

क्रेडिटवरून आठवलं. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवी ही शिकण्याची राहिली नाही, साठवण्याची झाली. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. ती ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा करायची. मेजर वेगळा, मायनर वेगळा, ओपन इलेक्टिव्ह वेगळा, भारतीय ज्ञानपरंपरा सगळ्यांना, आणि शेवटी ओजेटी, म्हणजे कामावर जाऊन शिकायचं. शेठना सगळ्यात आवडला तो हा ओजेटी. “मुलींनी कामाला कुठे जायचं, हा प्रश्नच नाही,” ते म्हणाले. “आपला रिसॉर्ट शेजारी होणारच आहे.” म्हणजे रिसॉर्ट रद्द झालेला नव्हता. फक्त मधे एक विद्यापीठ आलं होतं.

वसतिगृहाची नियमावली हा शेठच्या माहितीपुस्तकातला सर्वांत जाड भाग. अभ्यासक्रमाला चार पानं, वसतिगृहाला अकरा. संध्याकाळी सातच्या आत गेटच्या आत. बाहेर जायचं तर वडिलांचं पत्र, वडिलांचं आधार, वडिलांचा फोन आणि वडील नसतील तर ‘वडीलसदृश पुरुष पालक’. आईचा फोन चालेल का, असं मी विचारलं. शेठ म्हणाले, आईला मुली पटवतात.

“शेठ, ज्या मुलींनी मतदान केलंय त्यांना तुम्ही सातला आत घेणार? यूजीसीच्या २०१५च्या नियमावलीचं म्हणणं आहे, सुरक्षेच्या नावाखाली मुलींवर वेगळे, भेदभावाचे नियम लादू नका. त्याच वर्षी दिल्लीत मुलींनी वसतिगृहांच्या असल्याच वेळांविरुद्ध ‘पिंजरा तोड’ आंदोलन केलं होतं.”

“दिल्लीत बिबट्या आहे का?”

बिबट्या हे आमच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आहे. पण शेठ खऱ्या भीतीवर आले, तेव्हा ती बिबट्याची निघाली नाही. ती शनिवारची निघाली. पावसाळ्यात शुक्रवारी रात्रीपासून मुंबई-पुण्याच्या गाड्या कर्जत-खालापुरात उतरतात. धबधब्यावर माणूस, नदीत माणूस, रस्त्यावर काचा. दर पावसाळ्यात धबधब्यांवर, धरणांवर मनाई आदेश निघतात आणि दर पावसाळ्यात पर्यटक ते आदेश पाठीमागे ठेवून सेल्फी काढतात. यावर शेठचा तोडगा सरळ होता. दोन दिवस पुरुष मोकळे सुटणार, म्हणून दोन दिवस मुली बंद. नियम क्रमांक सतरा. “पर्यटकांना बंद कसं करणार?” त्यांनी मलाच विचारलं. “ते आपले ग्राहक आहेत.”

आणि नियम अठरा, इन्स्टाग्रामवर कॅम्पसचे फोटो टाकणं सक्तीचं.

इथवर मी मुकाट लिहून देत होतो. मग एक दिवस शेठकडे त्यांचा मिनीडोअरवाला आला, मुलीला घेऊन. रोज साइटवर सिमेंट-विटांची मजुरी करणारी माणसं तोच आणतो. मुलगी बारावी झालेली, कॉमर्सला ७१ टक्के, हातात प्लास्टिकची फाइल. फाइलीत सगळं लावून ठेवलेलं: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, अधिवास, बँक पासबुकाची झेरॉक्स, सगळ्यांच्या तीन-तीन प्रती, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेनाने आकडा. महाडीबीटीवर अर्ज भरायला ती रस्त्यावर येऊन उभी राहते, कारण ओटीपी वडिलांच्या फोनवर येतो आणि त्यांच्या गावात रेंज देवळाच्या पायरीपर्यंतच आहे. थोरली बहीण खोपोलीला शिकली. सकाळी मिनीडोअरने कर्जत, मग खोपोली लोकल. ती लाइन एकेरी. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत गाडी जाते, आणि एक चुकली की पुढचीपर्यंत फलाटावर बसा. बहिणीने अर्धी बी.कॉम. त्या बाकावर केली असं वडील हसत सांगत होते. धाकटीला मात्र गावाजवळच कॉलेज होतंय, म्हणून ते आले होते.

“मोफत आहे ना शेठ?” त्यांनी विचारलं. “सरकारने मुलींना मोफत केलंय.”

केलंय. जुलै २०२४चा शासन निर्णय आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आणि त्याच निर्णयात कंसात पाच-सहा शब्द आहेत: खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून.

शेठनी ते शब्द भिंतीवर फ्रेम करून लावावेत इतक्या आदराने वाचून दाखवले. “सरकारने मोफत केलंय,” ते म्हणाले, “आपण नाही.”

मुलीने फाइल बंद केली. ती काही बोलली नाही. फक्त तिथे टेबलावर ठेवलेला माहितीपुस्तकाचा कच्चा नमुना उचलून तिने थेट शेवटचं पान उघडलं, जिथे फी असते. मोठ्या माणसांच्या मुली आधी कॅम्पसचे फोटो पाहतात. मग म्हणाली, “हे एका वर्षाचं आहे का तिन्ही?”

“सेमिस्टरचं,” भाचा म्हणाला.

कातकरी वाड्यांवरच्या मुलींचं तर विचारूच नका. त्यांच्या घरातली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जातात आणि पोरींना बरोबर नेतात. कॉलेजच्या दारापर्यंत येण्याआधीच त्यांचा निकाल लागलेला असतो. शेठच्या इमारतीच्या विटा भाजायला कदाचित त्याच गेल्या असतील. हे मी व्हिजनमध्ये लिहिलं नाही. भाच्याने मिशनमध्ये लिहिलंय का, पाहायला हवं.

मुलीचे वडील निघताना शेठ एकदम उदार झाले. मनाने वाईट माणूस नाही. म्हणाले, हिला आणून घाल, रिसेप्शनला लागेल, नाहीतर मेसमध्ये हिशेब बघेल, गणित चांगलं दिसतंय. घराजवळ नोकरी, सातच्या आत घरी. बाप विचारात पडला. मुलगी म्हणाली, “मला सीए करायचंय.” शेठ कौतुकाने हसले आणि म्हणाले, बघा, असा कॉन्फिडन्स पाहिजे आमच्या स्टुडंट्समध्ये.

काल रात्री त्यांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. माहितीपुस्तक छपाईला चाललं होतं. ग्रामपंचायतीने ठराव देताना अट घातली होती की ‘स्थानिकांना प्राधान्य’ हे छापील पाहिजे. शेठनी विचारलं, “मास्तर, ही ओळ कुठल्या पानावर घेऊ? प्रवेशाच्या की नोकरभरतीच्या?”

दोन्ही पानांवर घ्या, असं मी कळवलं.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. “नोकरभरतीत घेतली. प्रवेशाच्या पानावर जागा नाही, तिथे स्विमिंग पूल आहे.”