टूलकिट काका

प्रत्येक सायकल ग्रुपात एक गृहस्थ असे असतात, की त्यांच्या सायकलचा आवाज कधी येत नाही, पिशवीचा येतो. खड्डा आला की खुळखुळ, गतिरोधक आला की खणखण. पहाटे साडेपाचला चांदणी चौकात मंडळी जमत असतात, अजून तोंडं नीट दिसत नसतात, पण ती खणखण ऐकू आली की कुणीतरी म्हणतं, "चला, टूलकिट काका आले. आता निघायला हरकत नाही."

काकांचं खरं नाव ग्रुपात कुणाला आठवत नाही. सगळ्यांच्या मोबाइलमध्येही ते याच नावाने असतात. वय साठीच्या आसपास, पोट माफक, पोटऱ्या दणकट. हयात कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेलेली. मशिन बंद पडलं की मोठ्या साहेबापासून हमालापर्यंत सगळे आपल्या तोंडाकडे बघतात, हे सुख त्यांनी वर्षानुवर्षं उपभोगलेलं. निवृत्त झाले आणि बघणारं कुणी उरलं नाही. घरातला मिक्सरसुद्धा हल्ली मुलं दुरुस्त करू देत नाहीत, सरळ नवा मागवतात. तेव्हा काकांनी सायकल घेतली. मुलं म्हणतात तब्येतीसाठी घेतली. आमचं मत जरा वेगळं आहे.

राइड कुठलीही असो, काकांची ती आदल्या रात्रीच सुरू होते. समजा, कोकणात जायचं ठरलं: मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने केळशी, आंजर्ले, दापोली. बाकीचे लोक हॉटेलं आणि मासे यांची चौकशी करत असतात. काका हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून त्यावर हत्यारं रुखवतासारखी मांडत असतात. एलन की चढत्या क्रमाने, 2 एमएमपासून 8 एमएमपर्यंत. टायर लिव्हर तीन. पंक्चरची डबी: पॅच, काचपेपर, सोल्युशन. सोल्युशनच्या ट्यूबा दोन, कारण एकदा तोंड उघडलं की ट्यूब आतल्या आत वाळते आणि हे नेमकं रस्त्यात कळतं. चेन तोडायचं यंत्र. तुटलेली चेन पुन्हा जोडायला नऊ गियरची, दहा गियरची आणि अकरा गियरची अशा तीन वेगळ्या मास्टर लिंक. स्वतःची सायकल नऊ गियरची आहे. बाकीच्या दोन "कुणाला लागल्या तर".

शहाणा माणूस यातलं काय नेईल, हे काकांनाही पाठ आहे. दोन ट्यूब, लिव्हर, पॅच, पंप, एक मल्टिटूल, एक मास्टर लिंक आणि थोडी चिकटपट्टी. एवढ्यावर रस्त्यातली बहुतेक दुखणी निभतात. नवख्यांना ते हीच यादी देतात. स्वतःला मात्र ती लागू करत नाहीत, कारण त्यांच्याकडे प्रत्येक हत्याराचं एकेक प्रकरण आहे. पक्कड का? आंबेनळी घाटात एकाची केबल तुटली होती. काथ्याची सुतळी का? एकाचा मडगार्ड लोंबत होता. पंधराचा लांबलचक पाना का? परतीला सायकल बसच्या डिकीत घालताना पेडलं काढावी लागतात आणि एकदा कुणाकडेच पाना नव्हता. मग ओघानेच शिकवणी होते: उजवं पेडल सुलट आट्याचं, डावं उलट आट्याचं, दोन्ही सोडवताना पाना वरून धरून मागच्या चाकाकडे फिरवायचा.

साधं एका स्पोकचं घ्या. मागे सामान लादलेलं असताना स्पोक तुटलाच तर मागच्या चाकाचा तुटतो, आणि तोही बहुधा चेनच्या बाजूचा. हे काकांना ठाऊक आहे, आणि ते खरंही आहे. म्हणून तीन जादा स्पोक फ्रेमच्या नळीला टेपने चिकटवून घ्यायचे. वजन जवळपास शून्य. पण त्या बाजूचा स्पोक घालायचा तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची चळत, उतरवावी लागते. कॅसेट उतरवायची तर तिचा खाचांचा पुलर हवा. पुलर फिरवायला मोठा पाना हवा. पाना फिरवताना कॅसेट उलटी गरागरा फिरते, म्हणून तिला अडवून धरायला साखळीचा तुकडा जोडलेला दांडा हवा. एवढं झाल्यावर चाकाचा आऊट काढायला निप्पलची चावी हवी. असं करत करत तीन तारांनी किलोभर लोखंड पिशवीत आणलेलं असतं, आणि त्यातली एकही वस्तू वगळता येत नाही, कारण ती वगळली तर बाकीच्या निरुपयोगी!

मग काकूंच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा येतो. आकडा बघून काका गंभीर होतात. काहीतरी कमी केलंच पाहिजे. ते टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापतात.

"अहो, चड्ड्या किती घेतल्यात?" काकू विचारतात.

"दोन."

"चार दिवसांना दोन?"

"धुतल्या की वाळतात."

"आणि हे पाने आठ?"

"पाने धुऊन वाळत घालता येत नाहीत."

काकू काही बोलत नाहीत. थोड्या वेळाने आतून आवाज येतो, "माझा भुवयांचा चिमटा कुठे गेला?" काका पिशवीची चेन ओढून घेतात.

ग्रुपात काकांचा प्रतिपक्षही असतो. तिशीचा, आयटीतला, भारीतली कार्बनची सायकल, पाठीवरच्या खिशात मोबाइल, कार्ड आणि केळं. "लागलं तर मिळेल की पुढे" हे त्याचं तत्त्वज्ञान. तो वाचलेला असतो. थॉमस स्टीव्हन्सचा दाखला देतो. "काका, 1884 ते 1886 पृथ्वीप्रदक्षिणा केली त्याने. सामान काय, तर मोजे, एक जादा शर्ट, तंबूचंही काम करणारा रेनकोट आणि एक पिस्तूल!"

"त्याची सायकल कुठली होती?" काका शांतपणे विचारतात. "मोठ्या चाकाची. चेन नाही, गियर नाहीत, टायर भरीव रबराचं. पंक्चर होणारच नाही, चेन तुटणारच नाही. न्यायला होतं काय त्याला?"

मग काका आपलं ब्रह्मास्त्र काढतात. 1913 सालची टूर द फ्रान्स. यूजीन क्रिस्तोफ तुर्माले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. दुरुस्ती स्वतःच करायची, असा तेव्हाचा नियम. क्रिस्तोफ सायकल खांद्यावर मारून दहा किलोमीटरहून जास्त चालत खालच्या गावात आला, लोहाराची भट्टी गाठली आणि तिथे स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. पंच शेजारी उभे. एवढं करून त्याला वेळेचा दंड झालाच, कारण भाता मारायला त्याने एका पोराची मदत घेतली होती. ही गोष्ट काका प्रत्येक घाटाच्या माथ्यावर सांगतात. ऐकणारे क्रिस्तोफच्या जिद्दीने हेलावतात. काकांना हळहळ वाटते ती त्या पोराची. "थोडी तयारी हवी होती," ते म्हणतात. आपण असतो तर भाता बरोबर नेला असता, असं ते उघड बोलत नाहीत.

कोकणच्या त्या राइडला माणगाव सोडलं आणि कार्बनवाल्याचं मागचं चाक बसलं. त्याने फोन काढला. काकांनी सायकल स्टँडवर लावली, ग्लोव्हज काढले, पिशवी उघडली. त्या क्षणी त्यांचं वय दहा वर्षांनी उतरतं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ट्यूब बाहेर आली. त्याने नवी घालायला घेतली, तर काकांनी हात धरला. "काटा सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही. पाच मिनिटांत तीही बसेल." त्यांनी टायरच्या आतून अंगठा हळूहळू फिरवला, एका जागी थांबवला. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली तार. केसाएवढी बारीक, रबरात पार रुतलेली. नखाला लागत नव्हती, पक्कड धरत नव्हती. काकांनी खिशातून काकूंचा चिमटा काढला.

सगळी हत्यारं मिळून साडेतीन किलो, आणि काम केलं त्या चिमट्याने. पण हा हिशेब काकांना सांगायची कुणाची टाप नव्हती. टायरला चीर गेली होती, तिथे त्यांनी आतून दहाची नोट घडी करून बसवली. "दापोलीपर्यंत जाईल," म्हणाले, आणि ती गेली.

म्हसळ्याच्या पुढे मात्र नवल घडलं. खुद्द काकांच्या कॅरियरचा बोल्ट रस्त्यात कुठेतरी गळून पडला. 5 एमएमचा साधा बोल्ट. तो घट्ट करायला लागणारी चारची एलन की काकांकडे तीन प्रकारची होती. बोल्ट एकही नव्हता. कारण सरळ आहे. पिशवी भरली होती ती झालेल्या प्रकरणांवरून, आणि बोल्टाचं प्रकरण आजवर घडलंच नव्हतं.

समोर मोटरसायकलींचं गॅरेज होतं. पोरसवदा मेकॅनिकने बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा गोणपाटावर उपडा केला, ग्रीसमध्ये दोन बोटं फिरवली आणि बोल्ट काढून दिला. त्याच्या सगळ्या दुकानात जेमतेम चार पाने दिसत होते. काकांनी पैसे विचारले.

"बोल्टाचे कसले पैसे घ्यायचे, काका?"

तो पाना घेऊन पुढे सरसावला, तेव्हा मात्र काकांनी त्याला थोपवलं. "घट्ट मी करतो."

पुढच्या राइडला काकांच्या पिशवीत बोल्टांची डबी होती, आणि वजनाचा मेळ घालायला टॉवेल वगळलेला होता. पण चांदणी चौकात वेगळाच प्रकार झाला. कार्बनवाल्याने सीटखाली चक्क स्वतःची पिशवी बांधली होती. नवी कोरी. "तुमच्याकडूनच शिकलो, काका. आता तुम्हाला त्रास नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, पण चेहरा असा उतरला, की जणू कारखान्याने त्यांना दुसऱ्यांदा निवृत्त केलं.

"बघू तरी काय घेतलंयस," ते पडेल आवाजात म्हणाले. ट्यूब पाहिली, ठीक. लिव्हर पाहिले, ठीक. मल्टिटूल उलटसुलट करून पाहिलं, चांगलं होतं. मग पंप हातात घेतला, त्याचं तोंड पाहिलं, ट्यूबचा व्हॉल्व्ह पाहिला. पंप मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा होता, ट्यूब पातळ फ्रेंच व्हॉल्व्हची. दिवसभर पंप मारला तरी हवेचा थेंब आत जाणार नव्हता. हे जुळवायला नखाएवढी एक पितळी टोपी लागते.

काकांनी खिशात हात घातला. चेहरा उजळला होता.

"असू दे, असू दे," ते म्हणाले, "माझ्याकडे दोन आहेत."