दिवसाचं सोडा, रातचं सांगा

वसमत तालुक्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, बाकड्यावर एक मामा असणारच. दुकान त्यांचं नाही, चहा मात्र दुकानदाराचा, आणि सल्ला विचारण्याआधीच तयार. अख्खा तालुका हळदीच्या मागे लागलेला असताना यांना नाद उन्हाळी टमाट्याचा.

परवा एक पोरगं आलं. "मामा, पारा 43 वर गेलाय, टमाट्याची फुलं गळायलीत. कोणती व्हरायटी लावू?"

मामांनी बशी खाली ठेवली. "दिवसाचं सोड, रातचं सांग!"

पोराला रातचं माहीत नव्हतं. मग काय, मामा सुटले. दिवसा पस्तिशीपुढे परागकण नासतात हे खरंच. पण रात्रही गार झाली नाही तर झाड नुसतं फुलतं, फळ धरत नाही. दिल्लीच्या पुसा संस्थेचा हायब्रीड-1 रात्रीच्या 28 अंशांपर्यंत फळ धरतो. नावाला भुलून पुसा शीतल नेशील, तर ती थंडीतली; रात्रीच्या 8 अंशांतही फळ देणारी. बंगळुरूचा अर्का रक्षक बोकड्या, मर आणि करपा सोसतो, पण रोग सोसणं वेगळं अन् ऊन सोसणं वेगळं. पाला दाट असलेला वाण बघ, नाहीतर उन्हानं फळावर पांढरे चट्टे पडतात.

पोरगं भेंडीचं बियाणं घेऊन गेलं.

एवढ्यावर भागलं असतं तर तक्रार नव्हती. पण मामांनी तो प्रश्न टमाट्याबाहेर काढला. भाच्याला ताप आला, डॉक्टर म्हणाले, आता 99 आहे. मामा खाटेजवळून म्हणाले, "दिवसाचं सोडा, रातचं सांगा!" सोयरीक जुळत होती. मध्यस्थ म्हणाला, पोरगा निर्व्यसनी, दिवसभर दुकानात मान खाली घालून बसतो. मामांनी तेच विचारलं. मुलीच्या बापानं चौकशी केली आणि सोयरीक मोडली. निवडणुकीत एक उमेदवार दुकानात येऊन आपल्या कामांची यादी वाचू लागला. मामांनी शांतपणे तेच विचारलं, तेव्हा बाकड्यावरच्या सगळ्यांना एकदम खोकला आला.

एकदाच मामा गप्प बसलेले दिसले. 2023 च्या मे महिन्यात टमाट्याला तोडणीची मजुरीही निघेना, म्हणून त्यांनी उभ्या पिकात रोटावेटर घातला. जुलैत किलोचा भाव शंभरीपार गेला. दुकानात कुणी तरी विचारलं, "मामा, तुमचा काय भावानं गेला?" मामांनी बशीतला चहा संपवला आणि उठून गेले.

मामा बाकड्यावर बसल्या बसल्या डुलक्या का घेतात, हे त्यांच्या शेताशेजारून रात्री जाणाऱ्यालाच कळतं. कृषिपंपाची थ्री फेज लाईन पाळीनं रात्रीची येते. दोन वाजता मामा बॅटरी घेऊन सऱ्यांमधून फिरत असतात. बांबूला सुतळीनं एक थर्मामीटर बांधलेलं आहे. काचेवर बोट फिरवून ते धूळ पुसतात, आकडा बघतात आणि मोबाईल लावतात. पोरगा पुण्यात कंपनीत नाइट शिफ्टला असतो. "इथं 29 हाय. तिथं किती?" बापलेकाचं बोलणं एवढंच, पण रोजचं. म्हणजे हा माणूस रात्रीचा प्रश्न उगाच विचारत नाही, हे मान्य करावं लागतं.

तर उन्हाळी टमाटे लावणार असाल, तर बियाण्याच्या पाकिटावरच्या लालभडक फोटोवर जाऊ नका. आधी आपल्याच शेतात आठ-दहा रात्री पारा बघा, तो कागदावर लिहा आणि मगच दुकानाची पायरी चढा. आकडा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मामा पाच मिनिटांत सोडतात.