फिटबॅक द्या जी!

पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की पाणी बघायला लांबून माणसं येतात. दरवाजे ३३ आहेत. ते मोजल्याशिवाय कुणी परतत नाही. सतराव्या-अठराव्या दरवाजाशी पोचलं की खांद्यावर हलकेच एक हात पडतो, "एक मिनिट आहे का जी?" असा प्रश्न येतो आणि मोजणी चुकते.

हा आपला ॲपवाला. वय पंचविशीच्या आसपास, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, हातात दोन मोबाइल. एकावर दुकानदार म्हणून स्वतःच माल टाकायचा आणि दुसऱ्यावर गिऱ्हाईक म्हणून स्वतःच तो बघायचा. त्याने ऑनलाइन बाजार काढलाय. धान, मिरची, मासोळी, जुनी मोटारसायकल, वापरलेला स्प्रे पंप, सगळं एकाच ॲपवर. ॲपचं नाव इथे देत नाही, कारण हे छापून होईपर्यंत ते बदललेलं असेल. आजवर तीनदा बदललंय. प्रत्येक नव्या नावाबरोबर नवा टी-शर्ट येतो आणि जुना बापाला शेतात जायला होतो. बांधावर उभ्या बापाच्या छातीवर कंपनीचा सगळा इतिहास वाचायला मिळतो.

हा प्राणी एकट्या गोसीखुर्दचा नाही. तुमसरला आहे, वडशाला आहे, हिंजवडीत तर कळपाने आहे. पण गोसीखुर्दच्या ॲपवाल्याला इतरांना नसलेली एक सोय आहे. इथे 'बीटा' कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"अजून बीटा आहे, काका," टपरीवर त्याने पहिल्यांदा खुलासा केला.

"बीटा म्हंजे?"

"म्हणजे सुरू झालं, पण पूर्ण नाही झालं. वापरता वापरता सुधारत जाईल."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि धरणाकडे बोट केलं. "याच्यावानी?"

खोटं काय त्यात? २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते धरणाचं भूमिपूजन झालं तेव्हा खर्चाचा अंदाज होता ३७२ कोटींचा. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि पुढे आकडा अठरा हजार कोटींच्या वर गेला. कालवे, वितरिका, पुनर्वसन यांत कुठे ना कुठे 'काम चालू आहे' हा फलक इथल्या माणसाने लहानपणापासून पाहिलाय. फलक पाहतच तो म्हातारा झाला. त्याला ॲपचं एक बटण चालत नाही याचा राग येत नाही. येईल सावकाश, म्हणतो.

राग येत नाही, हीच खरी अडचण. ॲपवाल्याला हवा असतो 'फिटबॅक'. शब्द 'फीडबॅक' आहे हे त्याने महिनाभर सांगून पाहिलं. शेवटी तोच फिटबॅक म्हणू लागला. पण पहिले वीस वापरकर्ते कोण? आई, मावशी, चार चुलतभाऊ, क्रिकेटची टीम. ते काय वाईट बोलणार? सगळ्यांनी डोळे झाकून पाच तारे दिले. एकट्या आजीने एक दिला. ॲपवाला दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी हिंमत करून विचारलं तेव्हा आजी उलट त्याच्यावरच चिडली. "एक नंबर देल्ला ना बापा तुले! पाचवा कायले देऊ?"

तसा तो अभ्यासू आहे हे मान्य केलं पाहिजे. लोकांची घरं पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे संस्थापक २००९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन यजमानांच्या घरांचे फोटो दारोदार काढत फिरले, हे त्याने कुठेतरी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइल घेऊन भाजीवाल्या बायांसमोर उभा राहिला. वांग्यांचे फोटो सुरेख आले. फक्त ते निघेपर्यंत दोन गिऱ्हाइकं पुढच्या पालाकडे गेली, आणि तो फिटबॅक बाईने जागेवरच, शब्द न चावता दिला.

ढिवराचा फिटबॅक जरा शांत होता. "मासोरी सकारी पाचले निघते, आठले खपून जाते. तुमचा पोट्टा येते दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत तिचा वास नागपूरले पोचते, मंग तिले न्यायले पोट्टा कायले पायजे?" ॲपवाल्याने हे वहीत लिहून घेतलं. शीर्षक दिलं, 'लॉजिस्टिक्सची समस्या'.

मग पत्त्याचं प्रकरण. ॲपमधल्या यादीत गावाचं नाव आहे, पण ते जुन्या गावठाणाचं. माणसं उठून पुनर्वसनाच्या गावी गेली, नकाशा काही उठला नाही. एका मामाजींनी युरियाची चौकशी करून घराचं ठिकाण दाबलं, तर खूण थेट जलाशयाच्या मधोमध पडली. "बरोबर आहे," मामाजी म्हणाले, "घर तितंच होतं." या एका अभिप्रायावर मात्र ॲपवाल्याला वहीत काही लिहिता आलं नाही.

पण एकट्या त्यालाच हसणं अन्यायाचं होईल. केंद्र सरकारचा ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन बाजार १४ एप्रिल २०१६ ला सुरू झाला, तोही आधी आठ राज्यांतल्या २१ बाजार समित्यांपुरता. ओएनडीसी या ऑनलाइन व्यापाराच्या सरकारी जाळ्यानेही २०२२ मध्ये आधी पाच शहरं घेतली आणि त्याच सप्टेंबरात बेंगळुरूच्या फक्त १६ पिनकोडांत गिऱ्हाइकांसाठी दार किलकिलं केलं. सरकार पाठीशी असताना १६ पिनकोड! आपल्या पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी 'संपूर्ण विदर्भ' असं लिहिलं होतं.

बाजार पसरायला ॲपच लागतं असंही नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाच्या छोट्या शेतकऱ्याने आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून भाताचं वाण तयार केलं. आजूबाजूच्यांनी बियाणं नेलं, पेरलं, भात शिजवून खाल्ला आणि पुन्हा मागायला आले. तेव्हा एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं म्हणजे ऐट होती. बाजाराने त्या तांदळालाच एचएमटी नाव दिलं. ना चिन्ह, ना टी-शर्ट. अभिप्राय म्हणजे लोकांचं दुसऱ्यांदा येणं, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ होता. ही गोष्ट ऐकून ॲपवाला गंभीर झाला आणि म्हणाला, "त्यांचं ब्रँडिंग चांगलं होतं."

त्याचा खरा देव मात्र पिएर ओमिड्यार. या माणसाने सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत लिलावाचं संकेतस्थळ काढलं, पुढे तेच ईबे झालं. सुरुवातीला त्याने स्वतःचाच एक मोडका लेझर पॉइंटर विकायला ठेवला, आणि तो १४.८३ डॉलरला गेला. मोडका आहे हे ठाऊक असून घेणारा निघाला, कारण त्याला मोडकेच जमवायचा नाद होता. पुढे विकणारे-घेणारे एकमेकांच्या तक्रारी घेऊन ओमिड्यारकडेच येऊ लागले, तेव्हा १९९६ मध्ये त्याने एकमेकांविषयी उघड अभिप्राय लिहायची सोय केली. ॲपवाल्याने ती सोय आधीच करून ठेवली आहे. तक्रारी तेवढ्या यायच्यात, आणि तक्रार यायला आधी काहीतरी विकलं जावं लागतं.

म्हणून त्यानेही ओमिड्यारचाच कित्ता गिरवला. मुठीला तडा गेलेली आपली क्रिकेटची बॅट अंगणात ठेवून फोटो काढला, 'किंचित वापरलेली' असं लिहिलं, किंमत टाकली ३०० रुपये. तीन दिवस सामसूम. चौथ्या दिवशी रात्री मोबाइल वाजला. ॲपवर पहिला संदेश! घरातले सगळे जमले. पवनीकडच्या कुणा गिऱ्हाइकाने विचारलं होतं: "बॅटच्या मांगं बांधलेल्या बकरीचे किती जी?"

सकाळी तो मनुष्य दारात हजर. बकरीचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, चहा प्याला, दुसरा चहा प्याला. आई आणि तो तासभर दोनशे रुपयांवर अडून बसले. मधेच दोघांचं माहेरकडून नातं निघालं, तेव्हा शंभर कमी झाले. रोख पैसे दिले, दोर सोडला, बकरी नेली. ॲपवाला मागून फाटकापर्यंत धावला. "काका, तेवढं ॲपवर 'खरेदी पूर्ण' दाबा ना! आणि फिटबॅक!"

"बकरी दूध देते का बघतो, मंग सांगतो," काका म्हणाले.

ॲपच्या हिशेबात त्या दिवशीची विक्री शून्य आहे. बॅट अजून विकायची आहे. भाव करता येईल.